रात्रपाळी कोणाची? येरवड्याच्या भिंतीआडच्या परिचारिकांचा इतिहास

१/
जुन्नर-आंबेगावच्या गावांत कोणी विक्षिप्त वागू लागला, की चावडीवर एक वाक्य हमखास उमटते : “याला आता येरवड्याला धाडा.” या वाक्यातल्या येरवड्याचा अर्थ तुरुंग नव्हे, हे ऐकणाऱ्याला सांगावे लागत नाही. ठाणे आणि नागपूर या शहरांच्या वाट्यालाही आपापल्या मुलखात हाच लौकिक आला आहे. प्रस्तुत थ्रेड त्या भिंतीआडच्या रुग्णांविषयी थोडा आणि त्यांच्याजवळ रात्रभर जागणाऱ्या माणसांविषयी अधिक आहे. 🧵

२/
जुन्नरहून नारायणगाव, मंचर, खेड, चाकण करीत पुण्यास यावे, तर अंतर नव्वदेक किलोमीटर भरते. येरवड्यात उंच भिंतींच्या दोन जुन्या संस्था आहेत. त्यांपैकी १८७१ च्या तुरुंगाचा इतिहास सर्वांना ठाऊक असतो. १९३२ चा पुणे करार तिथेच झाला. दुसरी संस्था म्हणजे विसाव्या शतकाच्या आरंभी उभे राहिलेले मनोरुग्णालय. त्याचा इतिहास लिहिला गेला तो बहुधा अधीक्षक, कायदे आणि खाटा यांचा. रुग्णाला उठवणारा, जेवू घालणारा, मोजणारा, कोंडणारा आणि क्वचित त्याच्याशी चार शब्द बोलणारा माणूस त्या कागदांत शोधूनच काढावा लागतो.

३/
प्रारंभ मुंबईपासून करणे भाग आहे. कुलाब्याचे वेड्यांचे इस्पितळ १८२६ मधले. पुढे १८५८ मध्ये वेड्यांच्या इस्पितळांविषयीचा कायदा झाला आणि प्रांतोप्रांती अशा संस्था उभ्या राहू लागल्या. नागपूरचे इस्पितळ १८६४ चे, रत्नागिरीचे १८८६ चे. ठाण्याचे १९०१ चे. त्यास नरोत्तमदास माधवदास यांचे नाव मिळाले. आज महाराष्ट्रात शासनाची जी चार प्रादेशिक मनोरुग्णालये वर्षानुवर्षे चालत आली आहेत, ती येरवडा धरून हीच.

४/
त्या कायद्याने आखलेली वाट पाहण्यासारखी आहे. रस्त्यावर भटकणारा, धोकादायक वाटणारा मनुष्य प्रथम पोलिसाच्या हाती लागे. पोलीस त्याला मॅजिस्ट्रेटपुढे उभा करी. मॅजिस्ट्रेट डॉक्टरचा दाखला घेऊन त्याला इस्पितळात पाठवी. या तिघांशी त्याचा संबंध काही तासांचा, फार तर काही दिवसांचा. त्यानंतरची वर्षे, पुष्कळदा उरलेले सारे आयुष्य, तो एका चौथ्या माणसाच्या ताब्यात काढी. त्या चौथ्याला इंग्रजी कागदांत ‘कीपर’ म्हणत, म्हणजे राखणदार. गुरे राखणाऱ्याला आणि माणूस राखणाऱ्याला एकच शब्द!

५/
या राखणदाराच्या नेमणुकीसाठी वैद्यकीय शिक्षणाची अट नव्हती. अंगात ताकद असावी, हुकूम पाळता यावा, एवढे पुरे. त्याच्या कमरेला चाव्यांचा जुडगा असे आणि संध्याकाळी मोजणी जुळली की त्याचे काम चोख झाले असे मानले जाई. रुग्ण बरा झाला की नाही, याचा जाब त्याला कोणी विचारीत नसे. रुग्ण पळाला, तर मात्र जाब असे. ज्या नोकरीची कसोटी अशी असते, त्या नोकरीतला माणूस काळजीवाहू होण्याऐवजी पहारेकरी होतो. यात त्याच्या स्वभावाचा दोष शोधणे अन्यायाचे ठरेल.

६/
युरोपातही आरंभ असाच होता. परंतु तिथे एक गोष्ट घडली आणि ती चुकीच्या माणसाच्या नावावर लागली. पॅरिसच्या बीसेत्र इस्पितळात वेड्यांच्या साखळ्या फिलिप पिनेल या डॉक्टरने तोडल्या, असे शाळकरी पुस्तकांत सापडते. टोनी रॉबेर-फ्लरी या चित्रकाराने १८७६ मध्ये पिनेलला साल्पेत्रियेर या स्त्रियांच्या इस्पितळात मधोमध उभा करून प्रसिद्ध चित्र रंगवले, त्यातही नायक तोच. वस्तुस्थिती अशी की पिनेल १७९५ मध्येच बीसेत्र सोडून गेला होता. तिथल्या लोखंडी साखळ्या निघाल्या १७९७ मध्ये, आणि त्या काढल्या झाँ-बाप्तिस्त प्युसँ याने.

७/
हा प्युसँ डॉक्टर नव्हता. कातडी कमावण्याचा धंदा करणारा हा गृहस्थ गंडमाळेच्या उपचारासाठी बीसेत्रमध्ये दाखल झाला, बरा झाला, तिथेच नोकरीस राहिला आणि पुढे वेड्यांच्या विभागाचा प्रमुख झाला. त्याची पत्नी मार्गरीत हीही त्याच कामात होती. रुग्णांना मारणाऱ्या नोकरांना त्याने आवरले आणि बरे झालेल्या रुग्णांमधूनच तो नवे सेवक निवडू लागला. ज्याने स्वतः ते सोसले आहे, तो दुसऱ्यावर हात उगारणार नाही, असा त्याचा हिशेब. आपण या माणसाकडून शिकलो, हे पिनेलने स्वतः लिहून ठेवले आहे. चित्रकारांनी ते वाचले नसावे.

८/
एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात राखणदाराला शिकवले पाहिजे, हा विचार रुजला. अमेरिकेत बॉस्टनजवळच्या मॅक्लीन इस्पितळात १८८२ मध्ये मनोरुग्णांच्या परिचर्येचे पहिले विद्यालय निघाले. ब्रिटनमध्ये १८८५ साली वेड्यांच्या सेवकांसाठी एक छोटी पुस्तिका निघाली. तिच्या लाल वेष्टनामुळे ती ‘लाल पुस्तिका’ म्हणूनच ओळखली गेली. पुढे १८९१ पासून तिथे सेवकांची परीक्षा आणि प्रमाणपत्र सुरू झाले. साम्राज्य एकच होते. परंतु लंडनमधले प्रमाणपत्र मुंबई इलाख्यातल्या राखणदाराची अट व्हायला काळ जावा लागणार होता.

९/
इथे परिचारिकेचा पेशाच नुकता डोळे उघडत होता. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १८९१ मध्ये बाई काशीबाई गणपत प्रशिक्षणासाठी दाखल झाल्या; या शिक्षणाकडे वळलेल्या पहिल्या भारतीय परिचारिका म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. पुण्यात रमाबाई रानडे यांनी १९०९ मध्ये सेवासदन स्थापन केले आणि थोड्याच काळात त्यांच्या विद्यार्थिनी ससून रुग्णालयात परिचर्या शिकू लागल्या. त्यांतल्या पुष्कळ विधवा होत्या.

१०/
त्या काळच्या पुण्यात हे पाऊल किती अवघड होते, याची कल्पना आज सहज येत नाही. परक्या पुरुषाच्या अंगास हात लावणे, जातीपातीचा विचार न करता मलमूत्र काढणे आणि रात्री घराबाहेर राहणे, हे तिन्ही दोष एकाच नोकरीत एकवटलेले. सेवासदनातील मुलींची टवाळी झाली, त्यांच्या चारित्र्यावर शिंतोडे उडाले. ससूनच्या साध्या वॉर्डात जाण्याची ही किंमत, तर वेड्यांच्या इस्पितळात जाणाऱ्या बाईची काय कथा? तिथे परिचर्येच्या कलंकाला वेडाचा कलंक येऊन मिळे. शिकलेली परिचारिका या इस्पितळांकडे फार उशिरा वळली, त्याचे एक मोठे कारण इथे आहे.

११/
१९१२ मध्ये नवा कायदा आला. कोणाला दाखल करावे, कोणाच्या हुकुमाने करावे, किती दिवस ठेवावे, पाहणीस कोणी यावे, या सगळ्यांची त्यात बारकाईने व्यवस्था होती. दाराच्या आत काय चालावे, याविषयी मात्र कायद्याला फारसे कुतूहल नव्हते. पुढच्या दशकात ‘असायलम’ हे नाव बदलून ‘मेंटल हॉस्पिटल’ झाले. रांचीला ओवेन बर्कली-हिल या अधीक्षकाने त्यासाठी खटपट केली होती. रांचीतच १९२१ च्या सुमारास मनोरुग्ण परिचर्येचे काही महिन्यांचे प्रशिक्षण सुरू झाल्याची नोंद सापडते. नाव बदलणे स्वस्त असते. पाटी रंगवली, की झाले. चाव्यांचा जुडगा तोच राहिला.

१२/
त्या जुडग्याला पहिला धक्का दिला तो एका उपचाराने, आणि तोही पुढे निरुपयोगी ठरलेल्या! व्हिएन्नाच्या मानफ्रेड साकेल याने १९३३ च्या सुमारास स्किझोफ्रेनियासाठी इन्शुलिन-मूर्च्छेचा उपचार मांडला. चाळीस-पन्नासच्या दशकांत तो भारतातही दिला जाई. त्याची रीत समजून घेतली, की परिचारिकेची गरज अचानक का भासली, हे उलगडते.

१३/
रुग्णाला सकाळी उपाशीपोटी इन्शुलिन टोचायचे. रक्तातली साखर उतरू लागे. प्रथम घाम, मग गुंगी, मग तडफड, आणि अखेर पूर्ण मूर्च्छा. या सर्व वेळात कोणीतरी उशाशी बसून नाडी मोजायची, श्वास पाहायचा, जीभ मागे पडू द्यायची नाही, लाळ पुसायची. ठरल्या वेळी नाकातून नळी घालून साखरेचे पाणी पोटात सोडायचे. रुग्ण जागा झाला, की त्याला भरवायचे, कपडे बदलायचे, तो घाबरलेला असेल तर हात धरून बसायचे. एवढ्यावर संपत नसे. संध्याकाळी साखर पुन्हा उतरून तो कोसळण्याचा धोका असे, म्हणून रात्रीही नजर हवी. आठवड्यातले बहुतेक दिवस, कित्येक आठवडे हेच. एका चुकीने माणूस दगावे. हे काम राखणदाराला जमणारे नव्हते.

१४/
पन्नासच्या दशकात ब्रिटिश डॉक्टरांनी या उपचाराची काटेकोर तपासणी केली, तेव्हा इन्शुलिनचा स्वतःचा असा गुण काही दिसेना. मग रुग्ण सुधारत कसे होते? एक उत्तर असे दिले गेले, आणि ते खरे असावे असे वाटते, की ज्या इस्पितळात शेकडो रुग्ण दिवसेंदिवस कोणाच्या नजरेलाही पडत नसत, तिथे या मोजक्या रुग्णांच्या उशाशी रोज तासन्तास कोणी बसू लागले होते. औषध समजून जे दिले, ते बाजूला काढल्यावर परिचर्याच उरली.

१५/
त्याच सुमारास मनोविकारांना भिंतीबाहेर एक दार उघडले. १९३८ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. के. आर. मसानी यांनी मानसिक आजारांचा बाह्यरुग्ण विभाग सुरू केला. सर्वसाधारण रुग्णालयात, हृदयविकार आणि हाडमोडीच्या रुग्णांच्या रांगेशेजारी, मनाच्या आजाराची रांग लागली. सर्वसाधारण परिचारिकेने मनोरुग्णाला जवळून पाहण्याची वाट अशा विभागांमधून मोकळी झाली.

१६/
मग येते १९४६ सालची भोर समिती. अध्यक्ष सर जोसेफ भोर नाशकात जन्मलेले, पुण्याच्या बिशप्स स्कूल आणि डेक्कन कॉलेजात शिकलेले. स्वतंत्र होऊ घातलेल्या देशाचे आरोग्य कसे असावे, याचा आराखडा या समितीने दिला. त्यातला मनोरुग्णालयांचा हिशेब वाचताना आजही थबकायला होते. ४० कोटी लोकसंख्येच्या देशात साधारण ४०,००० माणसांमागे मनोरुग्णालयाची एक खाट होती. इंग्लंडमध्ये ३०० माणसांमागे एक. समितीसाठी कर्नल मूर टेलर यांनी देशातल्या मनोरुग्णालयांची पाहणी केली आणि त्यांतल्या बहुतेकांची अवस्था कोंडवाड्यासारखी असल्याचा निष्कर्ष काढला.

१७/
खाटांची तूट भरून काढायला पैसा लागतो. माणसांची तूट भरायला पैशाबरोबर वेळही लागतो. स्वातंत्र्यानंतर लगेचच केंद्र शासनाने चार परिचारिकांना मनोरुग्ण परिचर्या शिकण्यासाठी ब्रिटनला पाठवले. साऱ्या देशासाठी चार! १९५४ मध्ये बंगळुरूला अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था स्थापन झाली, तीच आजची निम्हान्स. तिथे १९५६ पासून परिचारिकांसाठी वर्षभराचा मनोरुग्ण परिचर्येचा अभ्यासक्रम सुरू झाला.

१८/
पुढचे टप्पे मात्र मुंगीच्या पावलांनी पडले. भारतीय परिचर्या परिषदेने १९६५ मध्ये पदवीच्या अभ्यासक्रमात हा विषय घेतला. वॉर्डांत प्रत्यक्ष राबणाऱ्या बहुसंख्य परिचारिका पदवीधर नव्हत्या, पदविकाधारक होत्या. त्यांच्या अभ्यासक्रमात तो अनिवार्य झाला १९८६ मध्ये. मधली २१ वर्षे या व्यवसायाच्या इतिहासातली मोठी खिंड आहे. त्या काळात मनोरुग्णालयात बदली होऊन आलेल्या किती सिस्टरांना हा आजार पुस्तकातूनसुद्धा भेटला नसेल, याचा अंदाज करता येतो. वॉर्ड हाच त्यांचा वर्ग, आणि जुना कक्षसेवक हाच त्यांचा गुरुजी. गुरुजी जे शिकवतील, तेच पुढे चालायचे.

१९/
मनुष्यबळाच्या या टंचाईवर अमृतसरला डॉ. विद्यासागर यांनी पन्नासच्या दशकात एक देशी तोड काढली. मनोरुग्णालयाच्या आवारात त्यांनी तंबू ठोकले आणि नातेवाइकांना रुग्णासोबत राहायला बोलावले. आई, भाऊ, बायको हेच परिचारक झाले. जाताना आजाराची समज घेऊन गेले. जगभर या प्रयोगाचे कौतुक झाले, ते योग्यच. तरीही त्याची दुसरी बाजू दिसते : प्रशिक्षित परिचारिका पुरेशा असत्या, तर तंबूंची गरज इतकी निकडीची झाली असती का?

२०/
१९५२ हे साल या इतिहासात दोनदा येते. पॅरिसमध्ये क्लोरप्रोमॅझिन हे औषध मनोरुग्णांना प्रथम दिले गेले आणि साखळ्या, कोठड्या, मूर्च्छा यांची सद्दी संपण्याचा आरंभ झाला. अमेरिकेत हिल्डगार्ड पेपलाऊ या परिचारिकेचे पुस्तक त्याच वर्षी प्रसिद्ध झाले. परिचारिका आणि रुग्ण यांच्यात जुळणारे नाते हाच उपचाराचा भाग आहे, ही त्यातली मांडणी. एकाने रुग्ण शांत झाला. दुसऱ्याने सांगितले, की तो शांत झाल्यावर त्याच्याशी बोलायचे असते.

२१/
जाता जाता एक गोष्ट. याच सुमारास पाश्चात्त्य मनोरुग्णालयांत सर्पगंधेपासून काढलेले रेसर्पिनही दिले जाऊ लागले. कलकत्त्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी उन्माद व रक्तदाब यांवरील सर्पगंधेच्या उपयोगाविषयी १९३१ मध्येच लिहिले होते. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये रक्तदाबावरील तिच्या उपयोगाचा निबंध ब्रिटिश नियतकालिकात प्रसिद्ध केला, तेव्हा कुठे जगाचे लक्ष या मुळीकडे गेले.

२२/
औषधे आल्यावर परिचारिकेचे काम हलके झाले, असा समज आहे. उलट ते सूक्ष्म झाले. गोळी गिळली की गालात दाबून ठेवली? हात थरथरू लागले, मान अकडली, तर तो आजार की औषधाचा परिणाम? झोप लागली नाही ती चिंतेने, की कोणाचा आवाज ऐकू येतो म्हणून? कालपर्यंत गप्प असलेला रुग्ण आज अचानक आपल्या वस्तू वाटून टाकतो आहे, याचा अर्थ काय? डॉक्टर फेरीला येतो तेव्हा रुग्ण पाच मिनिटे नीट बोलतो. उरलेले तेवीस तास पंचावन्न मिनिटे परिचारिकेच्या नोंदवहीत असतात. चांगल्या डॉक्टराला हे ठाऊक असते, आणि तो केसपेपर उघडण्याआधी सिस्टरला विचारतो.

२३/
महाराष्ट्रातल्या भिंतींना मात्र वयाचे ओझे होते. चारही मनोरुग्णालयांच्या मंजूर खाटा मिळून ५,६९५ होतात. त्यांतल्या २,५४० एकट्या येरवड्यात. हजारोंच्या वस्तीत व्यक्तिगत परिचर्या कशी करावी? बरे झालेल्या पुष्कळांना न्यायला घरचे येत नसत. कागदावरचा पत्ता खोटा निघे, नाहीतर त्या पत्त्यावरचे घर ओळख नाकारी. मग तो रुग्ण वॉर्डातच म्हातारा होई आणि त्याच्या शेवटच्या आजारात तोंडात पाणी घालणारी व्यक्ती म्हणजे रात्रपाळीची सिस्टर किंवा आया.

२४/
आता जुन्नर तालुक्यातल्या ओतूरकडे वळावे लागते. १९४४ मध्ये तिथे जन्मलेला एक मुलगा पुढे पुण्यात डॉक्टर झाला आणि लेखक म्हणून गाजला : अनिल अवचट. त्यांच्या पत्नी डॉ. अनिता अवचट येरवड्याच्या मनोरुग्णालयात मनोविकारतज्ज्ञ होत्या. ब्राऊन शुगरच्या विळख्याविषयी अवचटांनी केलेल्या लेखनाने पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे अस्वस्थ झाले आणि त्यांच्या आर्थिक पाठबळावर १९८६ मध्ये मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र उभे राहिले. जागा? त्याच मनोरुग्णालयाच्या आवारातली एक इमारत.

२५/
मुक्तांगणात एक जुनी गोष्ट नव्याने घडली, कदाचित कोणालाही प्युसँची आठवण नसताना. व्यसनातून बाहेर पडलेली माणसे तिथेच कार्यकर्ते आणि समुपदेशक झाली. दाखल झालेला तरुण घाम, वांत्या, अंगदुखी यांनी तळमळत असे, तेव्हा त्याच्या शेजारी बसणारा माणूस कधीकाळी त्याच खाटेवर तळमळलेला असे. ‘येरवड्याला धाडा’ या वाक्यातल्या येरवड्याला त्या कोपऱ्यात तरी दुसरा अर्थ मिळू लागला. अनिताताई १९९७ मध्ये गेल्या, अनिल अवचट २०२२ मध्ये. मुक्तांगणचे काम आजही चालू आहे.

२६/
कायद्याला जाग येण्यास आणखी वेळ लागला. १९८७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने १९१२ चा कायदा रद्द केला खरा. परंतु त्याच्या व्याख्यांत मनोविकारतज्ज्ञ आहे, परिचारिका नाही. १९९३ मध्ये पत्रकार शीला बारसे यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने, गुन्हा नसलेल्या मनोरुग्णास तुरुंगात ठेवणे बेकायदा व घटनाबाह्य ठरवले. चौथ्या पोस्टमधली १८५८ ची वाट इतक्या उशिरा मोडली गेली. ६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूतल्या एरवाडी येथे एका खासगी आश्रयस्थानाला आग लागली. तिथले मनोरुग्ण साखळ्यांनी बांधलेले होते. पंचवीसहून अधिक जण जळून मेले. प्युसँने साखळ्या काढल्या, त्याला तेव्हा २०४ वर्षे झाली होती.

२७/
२०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने साखळीने बांधण्यास कोणत्याही स्वरूपात बंदी घातली. भूल न देता विजेचे झटके देणे आणि रुग्णाला एकांतात कोंडणे हेही बंद. आवरणे अगदीच अपरिहार्य असेल, तर मनोविकारतज्ज्ञाच्या मंजुरीनेच, आणि त्याची कारणासह नोंद हवी. याच कायद्याच्या व्याख्यांत ‘मानसिक आरोग्य परिचारिका’ प्रथमच अवतरली. राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणावर किमान १५ वर्षे अनुभवाची एक परिचारिका सदस्य असावी, असेही त्यात आहे. कुलाब्याच्या राखणदारापासून धोरण ठरवणाऱ्या मेजापर्यंत यायला जवळजवळ दोन शतके लागली.

२८/
त्या व्याख्येत एक खोच आहे. मनोरुग्ण परिचर्येचे विशेष शिक्षण घेतलेली आणि केवळ सर्वसाधारण परिचर्येची पदविका असलेली, दोघीही त्यात बसतात. व्यवहार म्हणून हे समजण्यासारखे आहे. अट कडक केली, तर वॉर्ड ओस पडतील. परंतु त्यामुळे विशेष शिक्षण घेतलेल्या परिचारिकेला वेगळे पद, वेगळे वेतन देण्याची निकड कायद्यातून निर्माण होत नाही. वर्षभर जादा शिकून आलेल्या सिस्टरची बदली उद्या प्रसूतिकक्षात झाली, तर तिने दाद कोणत्या कलमाखाली मागावी?

२९/
संख्येचे चित्र जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१७ च्या मानसिक आरोग्य अ‍ॅटलासमध्ये आहे. भारतात एक लाख लोकसंख्येमागे मनोविकारतज्ज्ञ ०.२९, मानसिक आरोग्य परिचारिका ०.८०. दोन्ही आकडे एकाहून कमी आहेत, तरी त्यांतला क्रम पाहावा. या क्षेत्रातले सर्वांत मोठे प्रशिक्षित मनुष्यबळ परिचारिकांचेच आहे. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १२ राज्ये होती. महाराष्ट्र त्यांत नव्हता. म्हणजे जुन्नर-आंबेगावच्या माणसांचे दुखणे त्या मोजणीत आलेच नाही.

३०/
१९८२ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रमाचा उद्देश हाच, की उपचार मोठ्या भिंतींतून निघून गावाजवळ यावेत. त्याची जिल्हा शाखा १९९६ मध्ये देशातल्या चार जिल्ह्यांत सुरू झाली आणि मग पसरत गेली. तिच्या सुधारित रचनेत जिल्ह्याच्या पथकात मनोविकारतज्ज्ञ, चिकित्सा-मानसशास्त्रज्ञ आणि सामाजिक कार्यकर्ता यांच्यासोबत परिचारिकांची दोन पदे आहेत : एक मनोरुग्ण परिचारिका आणि एक समुदाय परिचारिका. अनेक तालुक्यांच्या पुणे जिल्ह्यात हे गणित कसे बसत असेल, ते ज्याने त्याने मांडून पाहावे.

३१/
पश्चिमेकडे भीमाशंकर आणि नाणेघाटाच्या अंगाने महादेव कोळी आणि ठाकर वस्त्या डोंगरात विखुरल्या आहेत. तिथल्या माणसाला मंचरचे उपजिल्हा रुग्णालय किंवा नारायणगावचे ग्रामीण रुग्णालय गाठायचे, तर एक दिवसाची मजुरी बुडते, सोबत येणाऱ्याची दुसरी. मनाच्या आजाराची गोळी महिनोन्महिने, कधी वर्षानुवर्षे घ्यावी लागते. थोडे बरे वाटले, भातलावणी आली, पाऊस लागला, की औषध सुटते. ते सुटल्याचे प्रथम कोणाला कळते? मुंबई-पुण्याच्या तज्ज्ञाला नव्हे. ते कळते घरोघर फिरणाऱ्या आशाताईला आणि उपकेंद्रातल्या नर्सबाईला, कारण बाळाची लस टोचायला ती त्या घरी गेलेली असते आणि ओट्यावर बसलेला माणूस आज तिच्याशी बोलत नाही, हे तिच्या ध्यानात येते.

३२/
तिथून पुढची साखळी, या इतिहासातली पहिली चांगली साखळी, अशी आहे : आशाताईने नर्सबाईला सांगायचे, नर्सबाईने प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरला, त्याने जिल्ह्याच्या पथकाला. पथकातल्या परिचारिकेने त्या घरी निरोप धाडायचा, गोळ्यांचा हिशेब विचारायचा, घरच्यांना बाहेर बसवून रुग्णाशी एकट्याने बोलायचे आणि पुढच्या भेटीची तारीख कागदावर लिहून द्यायची. तारीख शक्यतो आठवडी बाजाराच्या दिवशीची असावी. त्या दिवशी वस्तीवरची माणसे एरवीही खाली उतरतात.